जनरेटर, सोलर आणि पहाटेचा ओव्हरफ्लो : एका सोसायटीचं प्रकरण

हे प्रकरण नवी मुंबईच्या दक्षिणेकडच्या एका गृहनिर्माण सोसायटीचं आहे. मी तिथला सचिव आहे. सभासदांची ओळख पटू नये म्हणून नावं आणि विंग गाळल्या आहेत. आकडे आमच्या वहीतले आहेत. जिथे अंदाज आहे तिथे तसं म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

४८ घरं, दोन विंग, खाली पार्किंग आणि वर सात मजले, दोन लिफ्ट. वीज महावितरणची. बिल्डरने बसवलेला ६२.५ केव्हीएचा जनरेटर मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली. वीज गेली की तो आपोआप सुरू व्हायचा आणि लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, शिवाय प्रत्येक घरातला एक पंखा आणि एक दिवा त्याच्यावर चालायचा.

आमच्या भागात वस्ती मिश्र आहे. बंदरावर काम करणारे, रोज लोकलने मुंबईला जाणारे, आणि उरणच्या गॅस प्रकल्पात किंवा समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवर आयुष्य काढलेले काही निवृत्त लोक. त्यांच्यातले एक काका या प्रकरणात महत्त्वाचे आहेत. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, अशी त्यांची जवळजवळ तीस वर्षं मुंबई हायवर, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर गेली. आमच्याकडे सगळे त्यांना 'समुद्रावरचे काका' म्हणतात.

अडचण कशी सुरू झाली

मे २०२४. वळवाचा पाऊस, वारा, संध्याकाळी साडेसातला वीज गेली आणि जनरेटर उठलाच नाही. एका लिफ्टमध्ये आजी आणि त्यांचा सहा वर्षांचा नातू चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकले. वॉचमनने दार थोडं फाकवून टॉर्च आत धरला होता, आणि आजी नातवाला मोठ्याने पाढे म्हणायला लावत होत्या, तो घाबरू नये म्हणून. लिफ्टचा माणूस येऊन हाताने लिफ्ट खाली घेईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सांगितलं की इंजिनाचं काम काढावं लागेल, खर्च दीड लाखाच्या आसपास. त्याच आठवड्यात जनरेटर विकणारा प्रतिनिधी आला. जनरेटरच्या धुराचे नियम कडक झाले होते आणि जुन्या मानकाचे नवे जनरेटर ३० जून २०२४ नंतर विकता येणार नव्हते. पुढचे मॉडेल बरेच महाग. 'जूनमध्येच घ्या, दोन लाख वाचतील,' असं तो चेअरमन साहेबांना रोज फोन करून सांगू लागला. त्यामुळे एका मोठ्या निर्णयाला उगीच मुदत लागली.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. विषयपत्रिकेवर मी लिहिलं : 'नवीन डिझेल जनरेटर घेणे अथवा सौरऊर्जा प्रकल्प बसवणे.' हा 'अथवा' माझा. पुढचे दोन महिने त्याने खाल्ले.

पहिली सभा : तेल की सूर्य

तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण इंजिनिअर तयारीने आला होता. तेल जाळून हवा बिघडवण्याचे दिवस संपले, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली आहे, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आता डिझेलवर एक रुपया घालू नका, असं त्याचं म्हणणं. बोलताना तो म्हणाला, 'समुद्रात अजून भोकं पाडून किती दिवस चालणार?'

समुद्रावरचे काका उठले. आवाज चढवला नाही, पण दुखावले होते हे सगळ्यांना दिसलं. ते म्हणाले, '१९७४ ला सागर सम्राट जहाजाने मुंबई हायला तेल शोधलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं. देश कर्ज काढून तेल आणत होता तेव्हा. २००५ च्या आगीत २२ माणसं गेली. २०२१ च्या तौक्ते वादळात बार्ज बुडाली, सत्तरहून जास्त पोरं गेली. भोकं नव्हती रे ती नुसती.' सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, शांतता पसरली.

मग वाद देशपातळीवर गेला. काकांचा मुद्दा असा की आपण कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो. स्वतःचं काढलं नाही तर दुसऱ्याचं विकत घेऊ, वापर काही थांबत नाही. इंजिनिअरचा मुद्दा असा की नवीन तेल लगेच मिळत नाही. काकिनाड्यासमोरच्या खोल समुद्रातल्या तेलक्षेत्रातून ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने पहिलं तेल जानेवारी २०२४ मध्ये काढलं, तिथल्या कामाला जवळपास दोन दशकं लागली. मुंबई हायचं उत्पादन तर शिखरापासून केव्हाच घसरलं आहे. मग तेवढा पैसा आणि तेवढी वर्षं दुसरीकडे का लावू नयेत?

दोघांचंही म्हणणं खरं होतं. मला आजही वाटतं की या वादात कुणी चूक नव्हतं. पण साडेदहा वाजता सभा संपली तेव्हा आजी अडकल्या त्या लिफ्टबद्दल एकही ठराव झालेला नव्हता.

प्रश्नच चुकीचा मांडला होता

सभेनंतर चार-पाच जण रेंगाळलो होतो. काकांनी इंजिनिअरला बाजूला घेतलं आणि विचारलं, 'तुझं सोलर बसलं आणि लाइट गेली, तर लिफ्ट चालेल का?'

इंजिनिअर थांबला. तो प्रामाणिक मुलगा आहे. म्हणाला, 'नाही काका.' ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर, ज्याला अनुदान आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) मिळतं, ते वीज गेली की स्वतःला बंद करून घेतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेने झटका बसू नये म्हणून ती सोय असते. भर दुपारी गच्चीवर ऊन पडलेलं असलं तरी. लिफ्ट ओढू शकेल एवढी बॅटरी लावायची तर खर्च दुपटीच्या पुढे जात होता.

म्हणजे जनरेटर वीज नसतानाच्या तासांसाठी, आणि सोलर वीज असतानाच्या बिलासाठी. ही दोन वेगळी कामं, आणि मी त्यांच्यामध्ये 'अथवा' घातला होता.

काका आणखी एक गोष्ट बोलले, ती मला जास्त लागली. आपल्याकडे वीज मुख्यतः कोळशावर होते, तेलावर जवळजवळ नाहीच. गच्चीवर सोलर लावल्याने कोळसा वाचेल आणि तो वाचायलाच हवा. पण समुद्रातलं तेल त्याने वाचत नाही. आमच्या आवारात तेल जळतं ते दोनच ठिकाणी : शेडखालच्या जनरेटरमध्ये आणि पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांमध्ये. 'गाड्या मोज,' ते म्हणाले.

त्याच रात्री मोजल्या. ३४ चारचाकी, ५२ दुचाकी. पुढच्या आठवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून ढोबळ अंदाज काढला : महिन्याला साधारण १,९०० ते २,००० लिटर इंधन. जनरेटरचं डिझेल महिन्याला ९० लिटर. आम्ही ज्याच्यावरून भांडलो ते प्रमाण वीसला एक असं होतं.

तिसरा पर्याय कुणी आणला

दुसऱ्या विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणतात, पहिल्या सभेत एकच वाक्य बोलल्या होत्या : 'आधी बिल एवढं का येतं ते बघू या ना.' वादाच्या गदारोळात ते कुणी ऐकलं नाही. इतिवृत्तात मीही ते लिहिलं नव्हतं.

बाईंनी मात्र शंभर पानी वही आणली, पंपाच्या खोलीत सुतळीने टांगली आणि सकाळी सहा व रात्री दहा अशी सामायिक मीटरची नोंद सुरू केली. वॉचमनला पंप चालू-बंद केल्याची वेळ लिहायला शिकवलं. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. महिन्याला सुमारे ३,२०० युनिट. त्यातला सगळ्यात मोठा वाटा लिफ्टचा नव्हता, दिव्यांचाही नव्हता, तर पाण्याच्या पंपाचा होता. पंप रोज सात तास चालत होता.

सात तास का, हे बाईंना पहाटे कळलं. पावणेपाचला त्यांना जाग आली तेव्हा मागच्या बाजूला पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज येत होता. पाऊस नव्हता. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप जनरेटरच्या शेडवर सोडलेला होता. वॉचमन चार वाजता पंप लावायचा, गेटवर दूधवाल्याच्या आणि पेपरवाल्याच्या गडबडीत अडकायचा, आणि भरलेल्या टाकीवर पंप चालतच राहायचा. पंधरा वर्षं तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. कुणाला वाटायचं दव, कुणाला वाटायचं कबुतरं.

त्यात वॉचमनचा दोष नाही, हे बाईंनी दुसऱ्या सभेत आधीच स्पष्ट केलं. एका माणसाला गेट आणि सात मजल्यांवरची न दिसणारी टाकी दोन्ही सांभाळायला सांगणारे आपण होतो.

पर्याय कसे तोलले

दुसऱ्या सभेच्या आधी समितीने चार रस्ते कागदावर मांडले.

नवीन जनरेटर, तोही ३० जूनच्या आत. सोपं, पण साडेसहा लाख. शिवाय त्याच ताकदीचा घेणं चुकीचं होतं. आमचा प्रत्यक्ष भार जनरेटरच्या क्षमतेच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असायचा. डिझेल इंजिन कायम कमी भारावर चालवलं की इंधन नीट जळत नाही, काजळी साचते. मेकॅनिकच्या मते तो बिघडण्याचं एक कारण तेच. आणि जनरेटरची वीज स्वस्तही नाही : एका लिटरमधून जेमतेम तीन-साडेतीन युनिट, म्हणजे युनिटला पंचवीस-तीस रुपये.

जनरेटर काढूनच टाकायचा. दोन तरुण सभासदांचा आग्रह होता. इथे आम्हाला थांबवलं ते अग्निसुरक्षेने. आमच्या उंचीच्या इमारतीत फायर पंप आणि लिफ्ट यांना पर्यायी वीज लागते, आणि दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून जो फॉर्म बी (अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यावा लागतो त्यात ती चालू स्थितीत दाखवावी लागते. आग लागली तेव्हा पर्यावरणाचा युक्तिवाद कामाचा नाही. हा पर्याय पाच मिनिटांत संपला, आणि ते योग्यच झालं.

२५ किलोवॅट सोलर. विक्रेत्याने हा आकडा आमचं जुनं बिल बघून काढला होता. सुमारे साडेतेरा लाख, वजा साडेचार लाख अनुदान.

आधी गळती बंद, मग सोलर, आणि जनरेटर दुरुस्त करून कमीत कमी वापरायचा. बाई, काका आणि इंजिनिअर यांनी मिळून हा मांडला. एकत्र उभं राहून. पहिल्या सभेत जे एकमेकांकडे बघत नव्हते ते दोघं एकाच कागदावर बोट ठेवून बोलत होते. खरं सांगायचं तर ठराव पास झाला तो आकड्यांपेक्षा या दृश्यामुळे.

विरोध झाला. पहिल्या मजल्यावरच्यांचा नेहमीचा : आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का भरायचं? एका सभासदाने सिंकिंग फंड वापरायला सुचवलं. तो इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या कामांसाठी राखलेला असतो, म्हणून आम्ही त्याला हात लावला नाही. दुरुस्ती निधी आणि घरटी १०,००० रुपये, दोन हप्त्यांत, असं ठरलं. नऊ जणांनी विरोधात हात वर केले.

काय केलं

जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवला. टाकी भरली की पंप आपोआप बंद. खर्च ९,००० रुपये. या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात लहान खर्च आणि सगळ्यात मोठी बचत. जिन्यातल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या, मधल्या मजल्यांवर माणूस आला की लागणारे दिवे. ऑक्टोबरपर्यंत महिन्याचा वापर ३,२०० वरून २,३०० च्या खाली आला होता.

दोन्ही लिफ्टला एआरडी बसवलं. वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडते. आजींच्या बाबतीत हवं होतं ते हेच होतं, आणि ते ना तेलाचं काम होतं ना उन्हाचं. दोन्ही मिळून सत्तर हजार. मे महिन्यातच हे सुचायला हवं होतं.

जनरेटरचं इंजिन दुरुस्त केलं. वीज गेल्या गेल्या सुरू होणं बंद करून दहा मिनिटांचा टायमर लावला. फायर पॅनलचा इशारा आला तर मात्र लगेच. आमच्याकडे बहुतेक वेळा वीज पाच-सात मिनिटांत परत येते, तेवढ्यासाठी इंजिन धडधडवायचं कारण नव्हतं.

वापर कमी झाल्यावरच सोलरचा आकार ठरवला. गच्चीवर पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या मशीनरूमची सावली पडते. इंजिनिअरने सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी आठपासून दर तासाला खडूने सावलीच्या कडा आखल्या आणि संध्याकाळी त्या रेघांच्या बाहेर उरलेली जागा मोजली. १५ किलोवॅट बसत होते, आणि आता तेवढे पुरेही होत होते. २५ घेतलं असतं तर दहा किलोवॅट पॅनल आम्ही पहाटेचा ओव्हरफ्लो आणि जुन्या ट्यूब चालवायला विकत घेतलं असतं.

जिथे चुकलो

टायमर लावला त्याच्या तिसऱ्या रात्री सहाव्या मजल्यावरून फोन आला. त्या घरातल्या आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं यंत्र लागतं. वीज गेली की जनरेटरवरच्या त्या एका पॉइंटवर तो चालायचा. आमच्या दहा मिनिटांत तो बंद पडला. सून आजोबांना उठवून बसवून खिडकीशी पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने मला फोन करत होती. वीज सातव्या मिनिटाला आली. मी जिन्याने वर पोचलो तेव्हा यंत्र पुन्हा सुरू झालं होतं आणि ती काही न बोलता दारात उभी होती.

टायमर त्याच रात्री काढला. त्या घराला सोसायटीने इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन दिली, आणि ती बसल्यावरच टायमर परत लावला. पुढच्या वार्षिक सभेत एका सभासदाने या खर्चावर हरकत घेतली. मी तो खर्च बदललेला नाही आणि बदलणार नाही असं उत्तर दिलं. वीज वाचवताना कुणाच्या घरात काय बंद पडेल, हे आम्ही दारोदार जाऊन विचारलं नव्हतं. ४८ घरं होती, दोन संध्याकाळींचं काम. वापर कमी करा असं सांगणं सोपं असतं. तो कुणाचा कमी होतो हे आधी बघायला हवं होतं.

दुसरी चूक कागदाची. डिसेंबरात पॅनल चढले आणि नऊ आठवडे नुसते उन्हात पडून राहिले. सोलरची क्षमता कनेक्शनच्या मंजूर भारापेक्षा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घ्यायला परवानगी असते त्यापेक्षा, जास्त चालत नाही. बिल्डरच्या काळापासून आमचा मंजूर भार कागदावर १२ किलोवॅट होता. तो वाढवून घ्यायचा अर्ज आम्ही पॅनल आल्यावर केला. विक्रेत्यानेही सांगितलं नाही, पण बिलावर मंजूर भार छापलेला असतो, दर महिन्याला माझ्या हातात ते बिल यायचं. कुणी हे वाचून सोलरचा विचार करत असेल तर पहिल्याच दिवशी ती ओळ बघावी.

निष्पत्ती

नेट मीटर फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. एप्रिलमध्ये १,९५० युनिट तयार झाले, जुलैच्या ढगांत १,०२०. वापर २,२५० च्या आसपास स्थिर आहे. जनरेटरचं डिझेल महिन्याला ९० लिटरवरून ३५ वर आलं. अनुदान जमा झालं. लिफ्टमध्ये त्यानंतर कुणी अडकलेलं नाही.

पार्किंगमधल्या दोन हजार लिटरचं मात्र फारसं काही झालं नाही. तीन जण स्टेशनपर्यंत एकत्र गाडीने जाऊ लागले. चार ई-स्कूटर आल्या आणि त्यांच्या चार्जिंगवरून लगेच भांडण सुरू झालं : सामायिक मीटरवरून की घरच्या? या प्रश्नाला सोलर बसवतानाच जागा ठेवायला हवी होती. केंद्राच्या योजनेत चार्जिंगचा वापर धरलेला आहे, आमच्या आराखड्यात नव्हता. काका मला जिन्यात भेटले की अजून विचारतात, 'गाड्या मोजल्यास का परत?'

त्या सभेतला मोठा वाद, देशाने तेल काढत राहावं की नाही, तो आमच्याकडे सुटला नाही. काकांचं मत आजही तेच आहे आणि इंजिनिअरचंही. पण इंजिनिअर आता 'भोकं' हा शब्द वापरत नाही, आणि पॅनल धुवायच्या रविवारी पाण्याचा पाइप काका धरतात.

पुढच्या सभेची विषयपत्रिका मी काल लिहिली. विषय क्रमांक ३ : 'आवारातील वाहनांची व इंधनाची नोंद ठेवणे.' बाईंनी दुसरी शंभर पानी वही आणून ठेवली आहे. ती पार्किंगच्या खांबाला टांगायची आहे.